पाच-सहा वर्षं चालेल असा लॅपटॉप : ब्रँड बघायचा की आणखी काही?

उंबरठा

नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. काम साधंच : दिवसभर ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे, लाखभर ओळींच्या एक्सेल फाइली, थोडं पायथन, क्वचित फोटोंवर हात फिरवणं. गेम खेळायचे नाहीत. रोज बॅगेतून ने-आण होणार, त्यामुळे वजन दीड किलोच्या फार वर नको. पाच-सहा वर्षं कटकट न होता चालावा, एवढी मुख्य अपेक्षा.

लेनोवो, एचपी, डेल, असूस, एसर हे पाच डोळ्यांपुढे आहेत. पण मतं वाचावीत तर ज्या ब्रँडला एकजण डोळे झाकून घ्या म्हणतो, त्याच्याच वाटेला जाऊ नका असं दुसरा बजावतो. यातला सर्वांत भरवशाचा कोणता? आणि कॉन्फिगरेशनचा तक्ता वाचताना नेमकं काय बघायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पक्कड

दोघंही खरंच सांगत असतात, फक्त दोघं वेगळ्या यंत्रांबद्दल बोलत असतात. "एचपी कसा?" या प्रश्नाला उत्तरच नाही. पॅव्हिलियन एचपीचा आणि एलीटबुकही एचपीचाच. पण बॉडी, बिजागऱ्या, कीबोर्ड, सुटे भाग किती वर्षं मिळतील, सर्व्हिस कशी मिळेल, यातलं काहीच दोघांत सारखं नाही. त्यामुळे आधी सीरिज ठरवायची, मग मॉडेल, आणि ब्रँड शेवटी आपोआप ठरतो.

घरगुती गिऱ्हाइकासाठी : लेनोवोचा आयडियापॅड, एचपीचा पॅव्हिलियन (२०२४ पासून त्याच्या जागी 'ओम्नीबुक' हे नाव येऊ लागलं), डेलचा इन्स्पिरॉन, असूसचा व्हिवोबुक, एसरचा अ‍ॅस्पायर. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी घेतात ते (ब्रँडचा क्रम तोच) : थिंकपॅड, एलीटबुक आणि प्रोबुक, लॅटिट्यूड, एक्स्पर्टबुक, ट्रॅव्हलमेट. डेलने जानेवारी २०२५ मध्ये जुनी नावं मोडीत काढली. आता लॅटिट्यूडच्या जागी 'डेल प्रो' आणि इन्स्पिरॉनच्या जागी नुसतं 'डेल'. जुना साठा आणि नवा माल एकाच वेळी विकायला असला की इथे हमखास गोंधळ होतो.

दुसऱ्या गटात टिकाऊपणा जास्त असतो तो कंपनीला पुण्य कमवायचंय म्हणून नाही. हजार लॅपटॉप घेणारं ऑफिस तीन-चार वर्षांचा सर्व्हिस करार करतं. त्या काळात यंत्र बिघडलं तर तंत्रज्ञ पाठवायचा खर्च बनवणाऱ्याच्याच डोक्यावर बसतो. म्हणून कीबोर्ड लवकर निघेल, बॅटरी चार-सहा स्क्रूंत सुटेल, पंखा वेगळा बदलता येईल अशी रचना केलेली असते. घरगुती मॉडेलात वॉरंटी बहुधा एकच वर्षाची, त्यामुळे तिथे सगळा जोर पातळ दिसण्यावर आणि जुळणी स्वस्तात होण्यावर.

शिवाय बहुतेक ब्रँड स्वतः सगळे लॅपटॉप बनवतही नाहीत. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक यांसारख्या तैवानी कंपन्या अनेकांसाठी डिझाइन आणि जुळणी करून देतात. एका छपराखाली दोन प्रतिस्पर्ध्यांचा माल तयार होतो. ब्रँडचा अभिमान बाळगण्याआधी हे लक्षात असलेलं बरं.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट, जी विकत घेण्यापूर्वी जवळजवळ कोणीच करत नाही : त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. लेनोवो त्याला 'हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल' म्हणते, एचपी 'मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड', डेल नुसतं 'सर्व्हिस मॅन्युअल'. तिन्ही कंपन्यांच्या सपोर्ट पानावर फुकट मिळतात. त्यात चार प्रकरणं उघडा.

रॅम : मेमरी काढायची पायरी दिलेली आहे का? नसेल तर ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे.

कीबोर्ड : तो स्वतंत्र भाग म्हणून दिलाय, की 'टॉप कव्हर विथ कीबोर्ड' असा एकत्र? एकत्र असेल तर तो डझनावारी वितळवलेल्या प्लास्टिकच्या खिळ्यांनी वरच्या झाकणाला जखडलेला असतो. एक बटण गेलं तरी अधिकृत दुरुस्तीत अख्खं कव्हर बदलतात, आणि त्यासाठी आतला सगळा संसार बाहेर काढावा लागतो.

चार्जिंगची खोबणी : ती छोट्या वायरच्या तुकड्यावर आहे की थेट मदरबोर्डावर? वायरवर असेल तर दहा मिनिटांचं काम. बोर्डावर असेल तर सोल्डरिंग, आणि तिथे कारागिराच्या हाताला महत्त्व. टाइप-सी खोबणी बहुतेक ठिकाणी बोर्डावरच असते, म्हणून चार्जिंग घेणाऱ्या दोन टाइप-सी खोबण्या असलेलं मॉडेल घ्या. एक सैल झाली तरी दुसरी राहते.

पंखा : त्यापर्यंत पोचायला फक्त खालचं झाकण काढावं लागतं, की बोर्ड उलटावा लागतो? बोर्डाच्या मागच्या बाजूला पंखा असलेला लॅपटॉप कधीच नीट साफ होत नाही. रिपेअरवालासुद्धा तोंडदेखली हवा मारून परत देतो.

मॅन्युअलच सापडत नसेल, तर तेही एक उत्तर समजा.

अवांतर : 'मिलिटरी ग्रेड' या शिक्क्याने भुलू नका. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकन सैन्याच्या साहित्यासाठीचं चाचण्यांचं मानक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या आणि किती कडक, हे लॅपटॉप बनवणारा स्वतः निवडतो. शिक्का असलेली काही यंत्रं खरंच दणकट असतात, पण ती शिक्क्यामुळे नव्हे.

---

तिरपागडा

पक्कड यांच्या प्रतिसादाशी सहमत. बिजागरीबद्दल मात्र जरा खोलात जायला हवं, कारण पहिल्या तीन वर्षांत स्वस्त लॅपटॉप कायमचा आडवा पडण्यामागे ती फार वेळा असते आणि लोक तिला 'नशीब' म्हणून सोडून देतात.

स्क्रीन धरणारी बिजागरी लोखंडाची असते, ती सहसा मोडत नाही. मोडते ती जागा, जिथे ती खालच्या भागाला बसवलेली असते. पाम रेस्टच्या (कीबोर्डपुढची हात टेकायची जागा) आतल्या बाजूला प्लास्टिकचे छोटे खांब असतात. प्रत्येकात तापवून दाबून बसवलेला पितळी नट, आणि त्यात दोन-अडीच मिलिमीटरचा स्क्रू. एका बाजूला असे तीन-चार. स्क्रीन उघडताना बिजागरी जो विरोध करते तो सगळा या नटांना वर उपसायचं काम करतो. बिजागरी कडक आणि प्लास्टिक पातळ असलं की खांबाला बारीक तडा जातो, एक नट सुटतो, आणि त्याचा भार उरलेल्या दोघांवर येतो. मग बाकीचेही पाठोपाठ सुटतात.

बाहेरून लक्षण असं दिसतं : स्क्रीन उघडताना मागच्या कोपऱ्यात पाम रेस्ट आणि खालचं झाकण यांच्यामध्ये फट पडते, किंवा 'टक्' असा आवाज येतो. याच टप्प्यावर थांबायचं असतं. तसंच उघड-मीट करत राहिलं तर स्क्रीनभोवतीची चौकट उकलते, बिजागरीजवळून जाणारी डिस्प्लेची केबल चिमटते आणि पडद्यावर उभ्या रेषा येतात. वेळीच खोललं तर बिजागरीच्या आसाचा नट पाव फेरा सैल करायचा, सुटलेले पितळी नट दोन भागांच्या इपॉक्सीने जागेवर बसवायचे, २४ तास हात लावायचा नाही. नुसत्या फेव्हिक्विक जातीच्या चिकटपदार्थाने हे टिकत नाही. तो कडक होतो, पण ठिसूळ असतो, वारंवारचा ताण सोसत नाही.

विकत घेण्याआधी तपासायचं असेल तर डेमोचा नग मागा, तो शेकडो हातांनी उघडलेला असतो. डोळे कीबोर्डच्या पातळीवर आणून बाजूने बघा आणि झाकण हळू उघडा. पाम रेस्टचा मागचा भाग वर फुगताना दिसला तर ते मॉडेल सोडा. वरचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे याला इथे काही अर्थ नाही, कारण नट बसतात ते खालच्या भागात. 'मेटल बॉडी' लिहिलेल्या कितीतरी मॉडेलांत धातू फक्त लोगोच्या मागे असतो.

आणि झाकण कोपऱ्याला धरून उघडायचं नाही. मध्यभागी बोट लावायचं. कोपऱ्याने उघडलं की सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो.

---

काजवा

कॉन्फिगरेशनच्या तक्त्यात काय बघायचं याचं उत्तर देतो.

प्रोसेसरच्या नावात 'आय५' किंवा 'रायझन ५' एवढ्याने काही कळत नाही. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तोच आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जी २०१९ ची रचना, चार कोअर. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि सहा कोअर. ७६४०यू मध्ये झेन ४. तिन्हींवर स्टिकर 'रायझन ५' चाच. एएमडीने कोड छापून ठेवलाय, पण दुकानातला फलक तो कधीच उलगडत नाही.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर महत्त्वाचं. 'यू' म्हणजे १५ वॅटच्या आसपासचा, 'एच' म्हणजे ४५ वॅटचा. कोअर अल्ट्राच्या पहिल्या मालिकेतले १२५एच सारखे २८ वॅटचे. तुमच्या कामाला यू पुरतो. एच वेगवान असतो पण तो घेतला की पंखा, वजन आणि चार्जर तिन्ही वाढतात, आणि दीड किलोच्या देहात कोंबलेला ४५ वॅटचा प्रोसेसर तापून शेवटी स्वतःच वेग कमी करतो.

रॅम १६ जीबीच्या खाली नको. तक्त्यात 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' लिहिलं असेल तर स्लॉट असण्याची शक्यता आहे. 'एलपीडीडीआर' लिहिलं असेल तर अगदी मोजकी मॉडेल वगळता ती बोर्डावर चिकटलेली, आज जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. एक ८ जीबी सोल्डर आणि एक रिकामा स्लॉट ही रचना चालेल. त्यात ८ घातली की दोन्ही चॅनल (मेमरीचे दोन समांतर मार्ग) चालू होतात आणि आतल्या ग्राफिक्सलाही फरक पडतो.

एसएसडीत 'एनव्हीएमई' हवं. 'ईएमएमसी' किंवा 'यूएफएस' लिहिलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. जेन ३ की जेन ४ यावर रक्त आटवू नका, एक्सेल उघडताना ३५०० आणि ७००० एमबीपीएसमधला फरक जाणवत नाही. स्लॉटची लांबी मात्र बघा : २२८० (म्हणजे ८० मिमी) प्रमाणित, २२४२ बसणाऱ्या लॅपटॉपात पुढे मोठी एसएसडी शोधताना पर्याय कमी मिळतात.

पडद्याबाबत सगळे ब्रँड सारखेच लबाड. 'फुल एचडी, आयपीएस लेव्हल, अँटी-ग्लेअर' एवढंच लिहिलं असेल तर तो बहुधा २५० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससीचा (किती रंग दाखवतो त्याचं माप), म्हणजे रंग फिके. फोटोंचं काम करायचं म्हणता तर १०० टक्के एसआरजीबी आणि किमान ३०० निट पाहिजे. खिडकीशेजारी बसत असाल तर ४००. एक्सेलसाठी १९२० बाय १२०० घ्या. १०८० पेक्षा चार-पाच ओळी जास्त दिसतात. ओएलईडी सुंदर असतो, पण दिवसभर एकाच जागी टास्कबार आणि एक्सेलची रिबन उभी राहणार असेल तर त्यांचा ठसा कायमचा उमटू शकतो, म्हणून पाच-सहा वर्षांच्या हिशोबात मी तो टाळेन.

---

उंबरठा

मनापासून आभार. आता डोकं थोडं जागेवर आलं. तीन पर्यायांपाशी आलोय :

पहिला, रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी एलपीडीडीआर५, ५१२ एसएसडी, घरगुती सीरिजचा, १.६ किलो.

दुसरा, आय५-१३३५यू, ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट, बिझनेस सीरिजचा, १.४ किलो.

तिसरा, तीन वर्षं वापरलेला थिंकपॅड टी सीरिज, रिफर्बिश्ड. यात किंमत सर्वांत कमी पण धाकधूक सर्वांत जास्त.

आणि एक मित्र सारखा म्हणतोय की हे सगळं सोड आणि मॅकबुक एअर घे.

---

काजवा

पहिला बाद. १६ जीबी दिसते म्हणून मोह होतो, पण आत २०१९ ची रचना आहे. हा प्रोसेसर एलपीडीडीआर५ शिवाय दुसरी रॅम घेतच नाही, म्हणजे ती वाढवायचीही सोय नाही. आज ब्राउझर आणि ईमेलला ठीक, पाच वर्षांनी नाही.

दुसरा घ्या आणि त्याच दिवशी रिकाम्या स्लॉटमध्ये ८ किंवा १६ घाला. आधी मॅन्युअलमध्ये बघा की स्लॉट डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा. १३३५यू दोन्हींबरोबर येतो आणि दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते.

मॅकबुक एअर : एम१ पासूनच्या, म्हणजे २०२० अखेरपासूनच्या एअरला पंखा नाही, त्यामुळे धूळही नाही आणि आवाजही नाही. बॅटरी उत्तम, पायथन उत्तम. पण एसएसडी आणि रॅम दोन्ही कायमच्या, आणि मुख्य म्हणजे मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्होट (अनेक मोठी टेबलं जोडून विश्लेषण करायचं साधन) नाही. लाखभर ओळींच्या फाइलींत तुम्ही डेटा मॉडेल वापरत असाल तर तिथेच अडाल. वापरत नसाल तर मित्राचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही.

---

पक्कड

तिसऱ्या पर्यायाबद्दल. रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप हा टिकाऊपणाच्या दृष्टीने चांगला सौदा असू शकतो, पण 'थिंकपॅड आहे म्हणजे झालं' असं नाही. टी१४ एवढंच नाव धरलं तरी पिढीगणिक आत फरक : कुठे एक रॅम सोल्डर आणि एक स्लॉट, कुठे सगळीच सोल्डर, तर पाचव्या पिढीच्या इंटेल आवृत्तीत दोन स्लॉट. लेनोवोची 'पीएसआरईएफ' नावाची साइट आहे, तिथे मॉडेल टाकलं की त्या पिढीचा तपशील मिळतो.

पैसे देण्याआधी हे समोर बसून करा.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा यंत्राच्या मूळ सेटिंगचा पडदा) जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर उठून या. तो माहीत असल्याशिवाय बूटचा क्रम, सिक्युरिटी चिप वगैरे काही बदलता येत नाही आणि साध्या उपायांनी तो निघतही नाही. सिक्युरिटी विभागात 'अ‍ॅब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' (हरवलेला लॅपटॉप शोधायची सोय) 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसत असेल तरी नको. तो कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत अजून आहे.

विंडोज रीसेट करून सेटअप पहिल्यापासून चालवा आणि वाय-फाय जोडा. मध्येच एखाद्या कंपनीचं नाव घेऊन 'ऑफिसच्या खात्याने साइन इन करा' असा पडदा आला, तर तो ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांचे लॅपटॉप नेटवरून ताब्यात ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदलेला आहे. पुन्हा फॉरमॅट केलं तरी ते परत येणार. नेट न जोडता दाखवणाऱ्या विक्रेत्याकडे हे कधीच दिसत नाही, म्हणून वाय-फायचा आग्रह धरा.

इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची हवी, नाहीतर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तीन वर्षांच्या यंत्राला ही अडचण नाही, पण रिफर्बिश्डच्या बाजारात तीन म्हणून सात वर्षांचं गळ्यात मारतात. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं, त्यावरून वय कळतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये एसएसडीचे चालू तास आणि 'हेल्थ' बघा. तास शून्याजवळ असतील तर एसएसडी नवी घातलेली आहे, त्यात वाईट काही नाही. मात्र तिचा मेक विचारा.

बॅटरी संपलेलीच आहे असं धरून भाव करा.

---

गरम_माथा

वॉरंटीवर अजून कुणी बोललं नाही. ब्रँडपेक्षा हिने जास्त फरक पडतो.

'ऑनसाइट' म्हणजे तंत्रज्ञ भाग घेऊन तुमच्याकडे येतो. 'कॅरी-इन' किंवा 'डेपो' म्हणजे लॅपटॉप तुम्ही द्यायचा आणि तो परत येईपर्यंत कामाविना बसायचं. एकाच मॉडेलला दोन्ही प्रकार असू शकतात, म्हणून बिलावर कोणता लिहिलाय ते वाचा. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हे कॅरी-इनमध्ये निर्णायक ठरतं. जवळपास ज्या ब्रँडचं केंद्र नाही तो ब्रँड तुमच्यापुरता कमी भरवशाचा, मग जगभरात त्याचं कितीही कौतुक असो.

तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीची बहुधा एकच वर्षाची असते. पाणी सांडणं, पडणं, स्क्रीन फुटणं हे नेहमीच्या वॉरंटीत येत नाही, त्यासाठी 'अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज' वेगळं. रोज बॅगेतून नेणाऱ्याने ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत. वाढीव वॉरंटी कंपनीकडूनच घ्या आणि मूळ मुदत संपायच्या आत घ्या. दुकानदाराची स्वतःची 'एक्स्टेंडेड' योजना ही वेगळीच गोष्ट आहे, तिचा कागद बारकाईने वाचल्याशिवाय हात लावू नका.

खरेदी झाली की सिरीयल नंबर साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. माल गोदामात पडून राहिलेला असेल तर घड्याळ आधीच सुरू झालेलं दिसतं. बिलाची प्रत पाठवली की ती दुरुस्त करून मिळते, पण हे पहिल्या आठवड्यात करायचं.

थंडाव्याबद्दल एक. तपासायला सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटांच्या मोडवर चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा ठेवा. तापमान ९५-१०० ला एकदा टेकून खाली स्थिरावलं तर ठीक. ते तिथेच चिकटून बसलं आणि प्रोसेसरचे वॅट खाली खाली येत गेले, तर थंडावा अपुरा आहे. एकदाच चालवून जो स्कोअर येतो आणि दहा मिनिटांनी जो येतो, त्यांत थोडा फरक पडतोच. एक चतुर्थांशाने घसरला तर परत करण्याचा विचार करा.

---

उंबरठा

दुसरा पर्याय नक्की करतोय, तीन वर्षं ऑनसाइट आणि अपघात संरक्षणासह. अजून दोनच शंका : परत करायची मुदत सुरू असताना काय काय तपासून घेऊ? आणि तो बराच वेळ टेबलावर चार्जरला लावलेलाच राहणार आहे, त्याने बॅटरी खराब होते का?

---

तिरपागडा

तपासणी : पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा अशा पाच चित्रांवर पडदा बघा. पांढऱ्यावर डाग आणि मेलेले पिक्सेल, काळ्यावर अंधाऱ्या खोलीत कडांचा उजेड. प्रत्येक यूएसबी खोबणीत पेनड्राइव्ह, प्रत्येक टाइप-सी खोबणीत चार्जर आणि मॉनिटर. सगळी बटणं, कोपऱ्यातलीसुद्धा. कॅमेरा, माइक, हेडफोन. झोपवून उठवा, झाकण मिटून, दोन-तीनदा. जागं होताना अडखळणं हा बोर्डाचा किंवा ड्रायव्हरचा दोष असतो आणि तो महिनाभराने कुणी ऐकून घेत नाही. रॅम वाढवल्यावर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे पूर्ण चार फेरे रात्रभर चालवा. एचपीत सुरू करताना एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबलं की कंपनीची स्वतःची निदान चाचणी मिळते. तिने दिलेला दोषाचा क्रमांक सांगितला की सर्व्हिसवाले पुढचे अर्धे प्रश्न विचारत नाहीत.

परताव्याची मुदत संपेपर्यंत रॅम घालणं लांबवलं तर उत्तम. खोलल्याची खूण दिसली की विक्रेत्याला हरकत घ्यायला निमित्त मिळतं. आणि खोलाल तेव्हा आधी बायोसमधून अंतर्गत बॅटरी बंद करा, तशी सोय नसेल तर झाकण काढल्याबरोबर पहिलं काम बॅटरीची पिन काढायचं.

---

गरम_माथा

बॅटरीला चार्जरचा त्रास नसतो, शंभर टक्क्यांवर तासन्‌तास राहण्याचा आणि उष्णतेचा असतो. दोन्ही एकत्र आले की ती झपाट्याने उतरते, कधी फुगते. उपाय सोपा आहे : चार्जिंगला ८० टक्क्यांवर मर्यादा घाला. घरगुती लेनोवोत व्हँटेज अ‍ॅपमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड', थिंकपॅडवर तिथेच चार्जिंगचा उंबरठा आकड्यांत देता येतो. असूसमध्ये मायअसूस अ‍ॅपमध्ये 'बॅटरी केअर'. डेलमध्ये बायोसमध्येच 'प्रायमरीली एसी यूज'. एचपीच्या बिझनेस सीरिजमध्ये बायोसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर', त्यात 'मॅक्सिमाइज माय बॅटरी हेल्थ'. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढायची, आल्यावर परत घालायची.

किती उतरली ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही कमांड 'बॅटरीरिपोर्ट' या पर्यायासह चालवा. एक वेबपान तयार होतं, त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता दोन्ही मिलीवॅट-तासांत असतात. साध्या बॅटऱ्या ३०० ते ५०० चक्रांत मूळच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत येतात. पाच-सहा वर्षांच्या हिशोबात एकदा बॅटरी बदलावी लागेल हे गृहीतच धरा.

ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटला, दाबताना कडक लागला किंवा खालचं झाकण डगमगायला लागलं, तर चार्जर काढा आणि वापर थांबवा. ती फुगलेली बॅटरी असते. दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

---

पक्कड

चार्जरचं राहिलं. दुसरा चार्जर बॅगेत ठेवायचा असेल तर टाइप-सीचा ६५ वॅटचा घ्या, म्हणजे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपियर, हे दोन्ही आकडे चार्जरवर छापलेले असले पाहिजेत. फोनचे अनेक वेगवान चार्जर २० व्होल्ट देतच नाहीत, मग लॅपटॉप 'स्लो चार्जर' म्हणून ओरडतो किंवा नुसता दुर्लक्ष करतो. केबल ३ अँपियरच्या वर साधी चालत नाही, ओळख-चिप असलेली ५ अँपियरची लागते. ६५ वॅट पूर्ण मिळत नाहीत अशा तक्रारींत दोष बरेचदा चार्जरचा नसून केबलचा निघतो.

गोल पिनवाला डेल घेणाऱ्यांसाठी : पिनच्या मधली बारीक सुई वीज देत नाही, चार्जर किती वॅटचा ते सांगते. ती वाकली किंवा चार्जर नकली असला की बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद चालवला जातो. लॅपटॉप अचानक रांगायला लागला की विंडोज फॉरमॅट करण्याआधी ती सुई बघा.